पंचवीस हजार युआनमध्ये ॲडव्हेंचर बाईक: चोंगचिंगच्या वाचकाला उत्तर

वाचकाचं पत्र: "मी मूळचा चाकणचा. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतर्फे चीनमधल्या चोंगचिंगला आलोय, करार अजून दोन वर्षांचा आहे. पुण्यात बरीच वर्षं पल्सर १५० चालवली. इथे शनिवार-रविवारी वूलोंग आणि ग्वेइचौकडे फिरायचंय, आणि पश्चिम सिच्वानचे घाट एकदा तरी करायचेत. बजेट सगळं धरून २५,००० युआन, म्हणजे साधारण तीन लाख रुपये. उंची ५ फूट ५ इंच. बायको कधीमधी मागे बसेल. डोळ्यांसमोर सीएफमोटो ४५०एमटी, व्होज ३०० रॅली, वापरलेली सुझुकी डीएल२५० आणि आपली रॉयल एनफिल्ड हिमालयन आहे. एक ओळखीचा १२,००० युआनला जपानी ४०० सीसी देतोय. कागद नाहीत, पण 'इथे कोण विचारतं' असं तो म्हणतो. माझ्याकडे भारतातलं लायसन्स आहे, आंतरराष्ट्रीय परवानाही काढून आणलाय. काय घेऊ?"

उत्तर:

आधी निकाल सांगून टाकतो. तीन-चार वर्षं वापरलेली, एबीएस असलेली, स्वच्छ कागदांची डीएल२५० घ्या. सतरा-अठरा हजार युआनच्या वर जाऊ नका. उरलेले पैसे हेल्मेट, जॅकेट, टायर आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी ठेवा. आता कारणं. ती वाचून तुमचं मत वेगळं झालं तरी हरकत नाही, फक्त ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने विचार करा: लायसन्स, कागद, टाकी, सीटची उंची, आणि सीसी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

लायसन्सपासून सुरुवात करू. तुमचा आंतरराष्ट्रीय परवाना चीनमध्ये चालत नाही. इथे चिनी लायसन्सच लागतं, ते नसताना गाडी चालवली तर २०० ते २,००० युआन दंड आणि वर १५ दिवसांपर्यंत कोठडी, असं कायद्यातच लिहिलंय. परदेशी माणसाला व्हिसाची डोकेदुखी वेगळी. पण घाबरण्यासारखं काही नाही. भारतीय लायसन्सच्या आधारे चिनी लायसन्स मिळतं. वाहतूक पोलिसांच्या वाहन कार्यालयात, ज्याला सगळे चेग्वानसुओ म्हणतात, तिथे पासपोर्ट, रहिवासी परवाना, राहत्या जागेची पोलीस नोंदणी, वैद्यकीय दाखला, फोटो आणि लायसन्सचं मान्यताप्राप्त संस्थेकडून केलेलं चिनी भाषांतर द्यायचं. मग संगणकावर लेखी परीक्षा: १०० प्रश्न, पास व्हायला ९० गुण. बऱ्याच शहरांत ती इंग्रजीतही देता येते. प्रश्नसंच ॲपवर मिळतो. तो दोन-तीन आठवडे रोज घोटल्याशिवाय जाऊ नका, कारण काही प्रश्नांत तर्क चालत नाही, पाठच लागतं.

यात एक मेख आहे. तुमच्या लायसन्सवर एलएमव्ही (कार) आणि एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटरसायकल) अशा दोन नोंदी असतील. भाषांतर करणाऱ्याने दुचाकीची नोंद गाळली किंवा गुळमुळीत लिहिली, तर हातात फक्त कारचं सी१ लायसन्स पडतं. ५० सीसीच्या वरच्या दुचाकीला ई वर्ग लागतो (डी वर्गात तीनचाकीही येते). भाषांतर हातात आलं की एमसीडब्ल्यूजीची ओळ त्यात आहे का ते चिनी सहकाऱ्याकडून वाचून घ्या आणि अर्जातही ई वर्ग स्पष्ट मागा. नाहीच मिळाला तर ड्रायव्हिंग स्कूलमधून ई वाढवून घ्यावा लागतो. त्यात शंकू चुकवत गाडी काढणं आणि चढावर थांबून पुन्हा निघणं असतं. पल्सर चालवणाऱ्याला ते जड नाही, पण आठवडे जातात.

आता ती १२,००० ची जपानी चारशे. अशा गाड्यांना इथे शुइचे म्हणतात: चोरट्या मार्गाने आलेल्या, सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या किंवा चोरीच्या, ज्यांची नोंदणी कधीच होऊ शकत नाही. 'कोण विचारतं' हे पहिली नाकाबंदी लागेपर्यंतच खरं असतं. पकडली तर गाडी जप्त होऊन भंगारात जाते. खोटी नंबरप्लेट लावलेली असेल तर २,००० ते ५,००० युआन दंड आणि पुन्हा १५ दिवसांपर्यंत कोठडी. पण खरा धोका अपघाताचा आहे. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि समोरच्याला इजा झाली तर इस्पितळाचं बिल सगळं तुमच्या अंगावर. हा पर्याय इथेच सोडा, घासाघीस करून ८,००० ला मिळाली तरी. कायदेशीर आयात गाड्याही असतात. त्यांना दामाओ म्हणतात, पण त्या या बजेटच्या कितीतरी वर आहेत.

गाडी चिनी सहकाऱ्याच्या नावावर घ्या असाही सल्ला तुम्हाला मिळेल. घेऊ नका. अपघात, दंड, विक्री, प्रत्येक वेळी त्याची सही आणि त्याचं ओळखपत्र लागेल, आणि नोकरी बदलून तो शेनजनला गेला की तुम्ही अडकलात. परदेशी माणसाच्या नावावर गाडी सरळ होते.

शहराच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. ग्वांगचौ आणि शेनजनमध्ये दुचाकींवर बंदी आहे. बेइजिंगमध्ये 'बी' मालिकेच्या नंबरला चौथ्या रिंगरोडच्या आत येता येत नाही, आणि शांघायच्या 'ए' नंबरप्लेटची किंमत गाडीच्या कैकपट असते. चोंगचिंग हे चीनच्या मोटरसायकल उद्योगाचं घर, लोन्चिन आणि जोंगशन इथल्याच. डोंगरउतारावरच्या या शहरात दुचाकी रोजच्या वापरात आहे. काही पूल, बोगदे आणि जलदमार्ग बंद असतात. गाओदे नकाशाच्या ॲपमध्ये मोटरसायकलचा वेगळा पर्याय आहे. त्यात स्वतःचा नंबर टाकून ठेवला की बंदी असलेले रस्ते ते बहुतांशी टाळतं.

आता पेट्रोल. भारतातून आलेल्याला हे सुचतच नाही, म्हणून जरा सविस्तर.

चीनमध्ये अनेक पंपांवर दुचाकीच्या टाकीत थेट नोझल घालू देत नाहीत. गाडी बाजूला उभी करायची, पंपावरच्या चहाच्या किटलीसारख्या लांब तोटीच्या पत्र्याच्या भांड्यात पेट्रोल घ्यायचं आणि मग स्वतः टाकीत ओतायचं. काही ठिकाणी आधी पासपोर्ट आणि वाहन कार्ड दाखवून नोंद करावी लागते. भांड्याच्या तळाशी गाळ किंवा पावसाचं पाणी असू शकतं, तेव्हा ओतण्याआधी आत डोकावून बघा आणि जाळीचं छोटं नरसाळं सोबत ठेवा. इंजेक्टर अडकलेली गाडी घाटात ढकलण्यापेक्षा ते स्वस्त. आणि मुख्य गोष्ट म्हणजे सुट्या डब्यात पेट्रोल घेणं जवळपास अशक्य आहे, त्याला पोलिसांचा दाखला लागतो. लडाखला जाताना कॅन बांधतो ती सोय इथे धरू नका. म्हणून टाकीचा आकार इथे चैनीची गोष्ट नाही.

डीएल२५० ची टाकी १७.३ लिटरची आहे आणि शांत चालवली तर लिटरला तीसच्या आसपास देते. म्हणजे ४५० किलोमीटरनंतरही थोडं शिल्लक. व्होज ३०० रॅलीची टाकी ११ लिटरची, तिला तीनशेच्या आत पंप शोधावा लागतो. पंप सापडला तरी तो दुचाकीला देईलच असं नाही, त्यामुळे मनात नेहमी ऐंशी-शंभर किलोमीटरची सवड ठेवा.

पुढे उंची. व्होज ३०० रॅलीचं सीट ९१५ मिलिमीटरवर आहे. ५ फूट ५ इंच म्हणजे १६५ सेंटिमीटर. तुमची मांडीपासून टाचेपर्यंतची लांबी ७५ च्या आसपास असेल, बूट धरून ७८. त्या गाडीवर एका पायाचा जेमतेम चवडा टेकेल. रिकाम्या मैदानात ते चालतं. पण चोंगचिंगच्या चढावर, सिग्नलला, मागे बायको आणि उजवीकडे उतार असताना गाडी पडते ती तिथेच, खडकाळ वाटेवर नाही. तुम्ही एकटे असता आणि चिखलातच जायचं असतं तर २९२ सीसी, १५८ किलो आणि २१ इंची पुढचं चाक असलेली व्होज मी पहिली सांगितली असती. तुमच्या वापरात तिचे गुण वाया जातात. सीट खाली करून घेता येतं, पण फोम कापला की चारशे किलोमीटरनंतर त्याची किंमत कळते.

डीएल२५० चं सीट ८०० मिलिमीटर, दोन्ही पाय टेकतात. वजन १८८ किलो, हे २४८ सीसीच्या मानाने भारी आहे आणि तिची खरी उणीवही तीच. इंजिन दोन सिलिंडरचं, ताकद २५ अश्वशक्तीच्या आसपास, कंपन कमी. दिवसाला ३५० किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल अशी गाडी. जमिनीपासूनचं अंतर १६० मिलिमीटर, दोन्ही चाकं १७ इंची मिश्रधातूची. म्हणजे नाव ॲडव्हेंचर असलं तरी ही डांबरी आणि कच्च्या रस्त्याची टूरिंग गाडी आहे, दगडांच्या नदीतली नव्हे. दुसऱ्या बाजूने, मिश्रधातूच्या चाकांना ट्यूबलेस टायर असतात. पंक्चर झालं की चाक न काढता दोरीचा प्लग मारून, छोट्या विजेच्या पंपाने हवा भरून वीस मिनिटांत निघता येतं.

४५०एमटी सरस आहे, यात वाद नाही: ४४९ सीसी, ४२ अश्वशक्ती, १७.५ लिटर टाकी, २१ आणि १८ इंची ट्यूबलेस तारांची चाकं, २०० मिलिमीटर सस्पेन्शन, सीट ८२०. पण नवी तीस हजारांच्या वर जाते. शिवाय १५० सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीवर खरेदी कर असतो: छापील किमतीतून १३ टक्के मूल्यवर्धित कर वजा करून उरलेल्या रकमेवर १० टक्के. ३२,००० ची गाडी असेल तर ३२,००० भागिले १.१३, म्हणजे सुमारे २८,३२०, त्यावर २,८३२ युआन. वापरलेली पंचवीसला मिळालीच तर हेल्मेटलाही पैसे उरणार नाहीत. हिमालयन इथे आयात होऊन येते, त्यामुळे तिचा भाव भारतातल्या हिशोबात बसत नाही. सुटे भाग आणि सर्व्हिसिंगचं जाळंही विरळ. आपली म्हणून घ्यावीशी वाटणं समजू शकतो, पण दोन वर्षांसाठी नको.

कुणी १८४ सीसीची होंडा सीबी१९०एक्स सुचवेल. शहर आणि वूलोंगसाठी झकास, स्वस्त आणि जिद्दी गाडी. अडचण पश्चिम सिच्वानमध्ये येते. कांगदिंगच्या पुढे राष्ट्रीय मार्ग ३१८ वर झदुओ खिंड ४,२९८ मीटर उंच आहे, लितांग गाव ४,०१४ वर. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशहूनही कमी होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, पण नसलेली हवा आणून देत नाही. सोळा अश्वशक्तीचे तिथे दहा उरतात. डीएलचे पंचवीसचे सोळा उरतात, म्हणजे खाली जशी सीबी१९०एक्स चालते तशी ती वर चालेल. एकटे जा, सामान कमी ठेवा. बायकोला मागे बसवून तीन पेट्या लावून झदुओ चढू नका. तिला वूलोंगला न्या.

आणखी एक नाव: जोंगशनची सायक्लोन आरएक्स३. २५० सीसी, १६ लिटर टाकी, पेट्या आणि क्रॅश गार्ड कंपनीचेच, वापरलेली फार स्वस्तात मिळते. मजबूत आहे. पण जुन्या गाड्या राष्ट्रीय तिसऱ्या उत्सर्जन मानकाच्या असू शकतात. चौथं मानक जुलै २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना सक्तीचं झालं, आणि अनेक शहरं बाहेरची तिसऱ्या मानकाची गाडी स्वतःकडे नोंदवून घेत नाहीत. आरएक्स३ असो वा डीएल, नोंदणी २०१९ च्या उत्तरार्धानंतरची बघा आणि शक्यतो चोंगचिंगच्याच नंबरची घ्या, म्हणजे फाइल दुसऱ्या प्रांतातून आणायची कटकट नाही.

हिशोब असा बसतो. गाडी १७,५००. नाव बदलणं, नवी नंबरप्लेट आणि बाजाराची पावती धरून ३००. वापरलेल्या गाडीवर खरेदी कर पुन्हा लागत नाही, तो पहिल्या मालकाने भरलेला असतो. सक्तीचा विमा ५० ते २५० सीसीला वर्षाला १२० युआन, २५० च्या वर गेलात की ४००. डीएल २४८ असल्याने १२० मध्ये बसते. हे १२०, वार्षिक वाहन कर आणि स्वतःचा अपघात विमा मिळून ५०० राखा. हेल्मेट ८००, जॅकेट ९००, हातमोजे २००, घोट्याच्या वर येणारे बूट ६००, रेनसूट ३००. बायकोचं हेल्मेट ५००, ते विसरू नका. टायर आणि पहिलं सर्व्हिसिंग २,०००. एकूण २३,६००. उरलेले १,४०० मोकळे ठेवा, कारण काहीतरी निघतंच. भाव हलते असतात, मोटोफान ॲपवर त्या आठवड्याचे व्यवहार बघून आकडे दुरुस्त करा.

सक्तीच्या विम्याबद्दल एक वाक्य महत्त्वाचं. त्याची एकूण मर्यादा २ लाख युआन: मृत्यू वा अपंगत्वाला १ लाख ८० हजार, उपचारांना १८ हजार, आणि समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला फक्त २ हजार. महागड्या कारचा आरसा तुटला तरी २ हजार संपतात. दुचाकीला जादा तृतीय पक्ष विमा द्यायला बऱ्याच कंपन्या खळखळ करतात, तरी दोन-तीन ठिकाणी विचारा. मिळाला तर घ्या.

गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि आधी मालकाला सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. सिलिंडर हाताला थंड लागला पाहिजे. गरम लागला तर काहीतरी लपवायचं होतं, असं धरून चाला. थंड इंजिन एका बटनात सुरू व्हावं, पहिल्या मिनिटात निळा धूर नको. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा: शीतकात तेलाची साय नको. तेलाच्या खिडकीत दुधी फेस नको. मल्टिमीटर नेता आला तर बॅटरी बंद इंजिनावर १२.५ च्या वर आणि इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांवर असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवते का बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, १३ च्या खाली तर चार्जिंग नाही. जास्तीचे दिवे, सीट हीटर, कॅमेरे जोडलेल्या गाड्यांत हा दोष जास्त सापडतो, आणि अशा उत्साही मालकांनी मुख्य वायरिंग कापून केलेले सांधेही. सीट उचला, टेप गुंडाळलेल्या तारांचा गुंता दिसला तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या.

पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगची बेअरिंग गेली. हे खड्ड्यांचं आणि जड पेट्यांचं काम असतं. फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेलाचं कडं उमटलं तर सील बदलायचे. चाक फिरवून रिमची कड एका स्थिर बोटाजवळून जाऊ द्या, वाकलेली रिम लगेच दिसते. साखळी मागच्या दातेरी चाकापासून ओढा, अर्धा दात उघडा पडला तर पूर्ण संच घालावा लागेल. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; पाच वर्षांहून जुना टायर खोल नक्षी असली तरी बदला. पोटाखाली वाकून बघा: डीएलचे एक्झॉस्ट पाइप उघडे आणि खाली असतात, तिथे खोल ठोकर असेल तर गाडी जिथे जायला नको तिथे गेलेली आहे. लिव्हरची टोकं आणि हँडलच्या टोकांवरची घासण गाडी कुठल्या बाजूला पडली ते सांगते. एका बाजूची घासण माफ, दोन्ही बाजूंची असेल तर फ्रेमकडे नीट बघा.

कागद तीन. हिरवं पुस्तक, म्हणजे ल्यूबन, हे मालकीचं. शिंगशीजंग हे छोटं वाहन कार्ड. तिसरी विम्याची पावती. हँडलच्या मानेवरचा चासी नंबर आणि इंजिनच्या आवरणावरचा नंबर ल्यूबनशी अंकागणिक जुळवा. ल्यूबनमध्ये तारण म्हणून नोंद असेल आणि ती सुटल्याचा शिक्का नसेल, तर गाडी बँकेची आहे. वाहन कार्डाच्या दुसऱ्या पानावर तपासणीची तारीख छापलेली असते, तीही वाचून घ्या. १२१२३ या पोलिसांच्या ॲपमध्ये मालकाने स्वतःच्या फोनवर गाडीची स्थिती उघडून दाखवली पाहिजे: 'सामान्य' आणि दंड शून्य. दंड थकलेला असेल तर नाव बदलत नाही.

सगळं ठीक वाटलं तर ५०० युआन बयाणा द्या आणि मालकाबरोबरच चेग्वानसुओला जा. तुमच्या बाजूने पासपोर्ट, रहिवासी परवाना आणि राहण्याची नोंदणी लागेल. गाडीचा फोटो निघतो, चासी नंबर कागदावर घासून उतरवतात, जुनी नंबरप्लेट जमा होते, नवा नंबर मिळतो. ल्यूबनवर तुमचं नाव छापून आलं की मगच बाकीचे पैसे. जुन्या वस्तूंच्या श्यानयू ॲपवर गाडी शोधायला हरकत नाही, पण न बघता कुरिअरने मागवू नका. परदेशी माणसाला परप्रांतातली कागदाची चूक निस्तरणं फार महागात पडतं. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आधी नवा काढा, कारण लायसन्स आणि गाडी दोन्हींची नोंद पासपोर्ट क्रमांकावर होते.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदला, मालक काहीही सांगो. ब्रेक पॅडचा मसाला दीड मिलिमीटरच्या खाली असेल तर तेही. टायर ११०/८०-१७ पुढे, १४०/७०-१७ मागे. सत्तर टक्के डांबरासाठी बनवलेले घ्या, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे नकोत. चोंगचिंगच्या पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर ते घसरतात. हेल्मेटवर ३सी ही चीनच्या सक्तीच्या प्रमाणपत्राची खूण हवी, आणि २०२३ च्या जुलैपासून लागू झालेल्या जीबी ८११-२०२२ मानकाचं बघून घ्या. जॅकेट जाळीचंच, इथला उन्हाळा चाळिशीला टेकतो आणि चामड्याचं जॅकेट कपाटातच राहतं.

पेट्या घ्यायच्याच तर एक नियम पाठ ठेवा: सामान हँडलच्या टोकापासून प्रत्येक बाजूला १५ सेंटिमीटरपेक्षा बाहेर नको, जमिनीपासून दीड मीटरच्या वर नको, मागे २० सेंटिमीटरपेक्षा लांबायला नको. ॲल्युमिनियमच्या पेट्या फोटोत छान दिसतात. तुमच्यासारख्या उंचीच्या माणसाने मऊ बॅगा घ्याव्यात. रुंदी कमी, वजन कमी आणि गाडी आडवी झाली तर पाय पेटीखाली चिरडत नाही.

रस्ते निवडताना द्रुतगती महामार्ग हिशोबातून काढा. राष्ट्रीय कायदा मोटरसायकलला ८० च्या मर्यादेत आणि मागे कुणाला न बसवता तिथे येऊ देतो, पण अनेक प्रांतांनी ते बंद ठेवलेत. तसाही तिथे बघण्यासारखं काही नसतं. वूलोंगला राष्ट्रीय मार्ग ३१९ ने जा, ग्वेइचौकडे छीच्यांगवरून २१० ने. पश्चिम सिच्वान मेच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जुलै-ऑगस्टच्या पावसात दरडी येतात. कांगदिंगला, २,५०० मीटरवर, एक रात्र थांबल्याशिवाय पुढे चढू नका. ३१८ वर तुमची हद्द बातांगपर्यंत. त्यापुढे चिन्शा नदी ओलांडली की तिबेट स्वायत्त प्रदेश सुरू होतो, आणि तिथे परदेशी नागरिकाला संस्थेमार्फत परवाना काढूनच जाता येतं; स्वतःच्या गाडीने सहज पुढे सरकलो असं होत नाही, नाक्यावरून परत पाठवतात.

दोन वर्षांनी गाडी भारतात नेण्याचा विचार करू नका, परवडणार नाही. विकायला करार संपायच्या तीन महिने आधी काढा, आणि ती मार्च ते मे मध्ये येईल असं बघा. थंडीत गिऱ्हाईक भाव पाडतं. विकतानाही स्वतः चेग्वानसुओला जाऊन नाव बदलून द्या. नाव तुमचंच ठेवून चावी दिली, तर पुढच्या मालकाचे दंड तुमच्या पासपोर्टवर चढत राहतील.